उन्हाची बेगमी

पावसाळ्याची बेगमी हा शब्द आपल्याकडे ज्याला कळत नाही असे घर नाही. चैत्र-वैशाखात गच्चीवर, अंगणात, पडवीच्या पत्र्यावर कुरडया, सांडगे, पापड, मिरच्या वाळत पडतात, आणि आषाढात चूल ओली असते तेव्हा त्या डब्यातून बाहेर निघतात. वस्तुतः त्या डब्यात भरून ठेवलेले असते ते ऊन. सांगली जिल्ह्याने तर या कलेचा मोठा व्यापार केला. हरिपूरला जमिनीखाली पेवे खणून त्यांत हळद वर्षानुवर्षे राखली गेली. तासगावच्या माणसाला पेवांचे नवल वाटत नाही, कारण त्याच्या घरी बेदाणा आहे. द्राक्षाचा घड पोटॅशियम कार्बोनेट आणि डिपिंग ऑईल यांच्या पाण्यात बुडवायचा, शेडमधल्या जाळीवर पसरायचा, बारा-पंधरा दिवस वाऱ्याच्या हवाली करायचा. चार किलो द्राक्षांचा साधारण एक किलो बेदाणा होतो आणि मग तो शीतगृहात जाऊन भावाची वाट पाहतो. सांगलीच्या बेदाण्याला २०१६ साली भौगोलिक मानांकन मिळाले. पिकवणे ही अर्धी कमाई, राखणे ही उरलेली अर्धी, हे या गावाला कोणी येऊन शिकवण्याची आवश्यकता नाही.

असे असताना याच गावात छपरावर सौर पॅनेल बसवणारा गृहस्थ, ज्याला आपण बोलताना सोलरची प्लेट म्हणतो ती घेणारा, साठवणीचा विचार बहुधा सर्वांत शेवटी करतो, किंवा करतच नाही. यात त्याचा दोष थोडा आणि इतिहासाचा अधिक आहे. तो इतिहास सांगावा एवढाच आजचा आमचा हेतू.

प्रथम विजेचा स्वभाव ध्यानात घेतला पाहिजे. धान्य, पाणी, पैसा, कोळसा या साऱ्यांना कोठार असते. तारेतल्या विजेला कोठार नाही. ती ज्या क्षणी निर्माण होते त्याच क्षणी कोणीतरी कुठेतरी वापरावी लागते. साठवायची तर तिला आपले रूप सोडून दुसरे घ्यावे लागते: उंचावर चढवलेले पाणी व्हावे लागते, किंवा रसायन व्हावे लागते. त्यातले रसायनाचे रूप म्हणजे बॅटरी.

या दोन गोष्टी, ऊन पकडणारे पॅनेल आणि वीज राखणारी बॅटरी, जन्मल्या निरनिराळ्या घरी. बॅटरीचा मूळपुरुष व्होल्टा. त्याने आपल्या शोधाचे पत्र लंडनच्या रॉयल सोसायटीला लिहिले ते २० मार्च १८०० रोजी. तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन पट्टणकोडोलीच्या लढाईत पडले त्याला तेव्हा वर्षही झाले नव्हते, आणि नाना फडणवीस वारले ते १३ मार्च १८०० रोजी, म्हणजे बरोबर आठवडाभर आधी. पेशवाईचा शेवटचा मुत्सद्दी जातो आणि सात दिवसांत इटलीतला एक प्राध्यापक जस्त-चांदीच्या चकत्यांची चळत मांडून अखंड वाहणारी वीज दाखवतो, ही सांगड आम्ही निव्वळ कालगणनेची म्हणून मांडतो. तिच्यात अर्थ शोधू नये. व्होल्टाची चळत एकदा संपली की संपली. पुन्हा पुन्हा भरता येणारी बॅटरी १८५९ साली प्लाँते या फ्रेंच शास्त्रज्ञाने केली: शिशाचे दोन पत्रे, मध्ये कापड, आणि भोवती गंधकाम्ल. आजही इन्व्हर्टरखाली जी काळी पेटी असते ती याच घराण्यातली.

उन्हाची गोष्ट त्याआधी वीस वर्षांची. १८३९ साली, ज्या साली साताऱ्याच्या प्रतापसिंह महाराजांना इंग्रजांनी गादीवरून उतरवले त्याच साली, पॅरिसमध्ये एदमों बेकेरेल या एकोणीस वर्षांच्या तरुणाला असे आढळले की द्रावणात बुडवलेल्या धातूच्या पत्र्यावर प्रकाश पडला की थोडी वीज वाहू लागते. पुढे १८८३ साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स फ्रिट्सने सेलेनियमचे पातळ थर देऊन पहिले पॅनेल म्हणावे असे काही तयार केले. पडणाऱ्या उन्हाचा शंभरावा हिस्साही त्यातून विजेत उतरत नव्हता. परंतु या गृहस्थाची दृष्टी लांबची होती. उन्हापासून मिळालेला जो प्रवाह ताबडतोब नको असेल तो जागच्या जागी संचायक बॅटरीत साठवावा, नाहीतर तारेने दूर पाठवावा, असे त्याने त्या काळीच लिहून ठेवले. साठवावा किंवा पाठवावा: पुढच्या सगळ्या कथेचे दोन फाटे या एका विचारात आहेत.

खरे पॅनेल अवतरले १९५४ च्या एप्रिलमध्ये. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेत चॅपिन, फुलर आणि पिअर्सन या तिघांनी सिलिकॉनचा घटक केला; तो उन्हाचा सुमारे सहा टक्के हिस्सा विजेत उतरवी. त्याचे बारसे मात्र चुकले. त्याला नाव दिले ‘सौर बॅटरी’, आणि त्यात साठवण तर थेंबाचीही नव्हती! आजही पॅनेल घेतले की रात्रीचा दिवा त्यावरच लागेल अशी समजूत पुष्कळांची असते. दुसऱ्याच वर्षी, १९५५ च्या ऑक्टोबरात, जॉर्जिया प्रांतातल्या अमेरिकस या गावी टेलिफोनच्या एका ग्रामीण मार्गावर असे पॅनेल खांबावर चढवून त्याला खरी बॅटरी जोडण्यात आली. दिवसा भरायची, रात्री वापरायची. प्रयोग यशस्वी झाला आणि महाग म्हणून गुंडाळला गेला. मग ही विद्या गेली आकाशात. १९५८ च्या व्हॅन्गार्ड उपग्रहातला साध्या बॅटरीवरचा प्रक्षेपक काही आठवड्यांत मुका झाला, सौर घटकांवरचा १९६४ पर्यंत बोलत राहिला.

आता १९५४ हे साल आपल्याकडे काय घेऊन आले ते पाहावे. त्याच साली कोयना प्रकल्पाचे काम सुरू झाले. फ्रिट्सचे दोन मार्ग समोर ठेवले तर आपण सगळ्या प्रांताने मिळून दुसरा धरला: एका जागी मोठा साठा करावा आणि तारेने दूर पाठवावे. मार्ग नवा नव्हता. टाटांनी खोपोलीला १९१५ सालीच घाटमाथ्यावरचा पाऊस तलावात अडवून मुंबईला वीज दिली होती. कोयनेने तेच मोठ्या प्रमाणावर केले. १९६२ पासून तिची वीज वाहू लागली. धरण म्हणजे दुसरे काय? चार महिन्यांचा पाऊस बारा महिने पुरवायची बेगमीच. १९६० साली राज्याचे वीज मंडळ स्थापन झाले आणि खांब व तारा गावोगाव निघाल्या. पूर्वीच्या तासगाव तालुक्यातल्या, आता पलूसमध्ये गेलेल्या किर्लोस्करवाडीने १९१० पासून नांगर आणि पंप घडवून शेतकऱ्याला यंत्राची ओळख करून दिलीच होती. तार आल्यावर विहिरीवरची मोट थांबली आणि मोटर बसली. ही मोठी क्रांती होती, आणि तिचे श्रेय तारेला दिलेच पाहिजे.

तारेचा उणेपणा दिसायला पुढची चाळीस वर्षे लागली. मागणी वाढत गेली, साठा आणि निर्मिती मागे पडली, आणि मराठी भाषेला ‘भारनियमन’ हा शब्द मिळाला. मंडळाच्या तीन-चार कंपन्या झाल्या त्या २००५ साली. त्याच साली राज्यभर भारनियमनाने कळस गाठला. कित्येक गावांत दिवसाचे दहा-बारा तास लाईट नसे. (सांगली जिल्ह्याला ते साल महापुराचेही. हरिपूरची पुष्कळ पेवे त्या पुरात निकामी झाली. साठ्याला चोरापेक्षा पाण्याचे भय अधिक.) शेतीपंपाला तर दिवसा आठ किंवा रात्री दहा तास अशी पाळी वर्षानुवर्षे लावलेली. द्राक्षबागेला पाणी द्यायचे म्हणून पौषातल्या थंडीत रात्री दोनला विजेरी घेऊन बागेत जाणारा माणूस तासगावला अपरिचित नाही. साप, विंचू आणि जागरण हे त्या विजेचे खरे दर होते. बिलात ते लिहिलेले नसत.

याच काळात शहरी घरांनी स्वतःपुरता इलाज काढला. जिन्याखाली इन्व्हर्टर आला आणि त्याला प्लाँतेची शिशाची बॅटरी. ही साठवण होती, पण पॅनेलशिवायची. लाईट आली की घरोघरच्या बॅटऱ्या एकदम भरायला लागायच्या, तारेवरचा भार आणखी वाढायचा. शिवाय शिशाच्या बॅटरीत शंभर युनिटे घातली तर साधारण सत्तर-पंच्याहत्तरच परत मिळतात. म्हणजे टंचाईवरचा उपाय टंचाईच वाढवीत होता.

आणि पॅनेल कुठे होते? ते होते जिथे तारच गेली नव्हती तिथे. साहिबाबादच्या सेंट्रल इलेक्ट्रॉनिक्स या सरकारी कारखान्याने १९७७ साली देशातला पहिला सौर घटक आणि १९७८ साली पहिले पॅनेल तयार केले. आपल्या राज्यात या कामासाठी १९८५ साली महाऊर्जा ही संस्था निघाली. सह्याद्रीच्या आणि सातपुड्याच्या वाड्यापाड्यांसाठी सरकारी योजनेतून जो घरगुती संच मिळे त्यात ३७ वॅटचे एक पॅनेल, १२ व्होल्ट ४० अँपिअर-तासांची एक बॅटरी आणि दोन दिवे असत. आमच्या मते या छोट्या संचाला इतिहासात मानाचे पान आहे, कारण पॅनेल आणि बॅटरी घरगुती वापरासाठी प्रथम एकत्र नांदली ती अशा झोपड्यांत. श्रीमंतांच्या बंगल्यावर ती जोडी पुष्कळ उशिरा पोहोचली.

जोडी एकत्र नांदली खरी, पण सुखाने नांदली असे म्हणवत नाही. पॅनेल पंचवीस वर्षे टिकते. शिशाची बॅटरी उत्तम निगा ठेवली तर पाच वर्षे, एरवी तीन. आपल्या भागात विजोड लग्नाची गोष्ट निघाली की १८९९ सालची ‘शारदा’ आठवते, आणि तिचे कर्ते गोविंद बल्लाळ देवल हे त्या पेवांच्या हरिपूरचेच. इथेही वयाचा प्रश्न होता; फरक इतकाच की दीर्घायुषी जोडीदाराच्या पदरी वारंवार वैधव्य येई. डिस्टिल्ड वॉटर घालायला कोणी नाही, जवळ दुकान नाही, नवी बॅटरी घ्यायला गाठीशी पैसा नाही. मग छपरावरचे निर्दोष पॅनेल नुसते सूर्याकडे तोंड करून बसे आणि घरात पुन्हा रॉकेलची चिमणी लागे. सोलर चालत नाही हा जो प्रवाद त्या काळी पसरला त्यात पॅनेलचा अपराध काही नव्हता.

यानंतरचे वळण महत्त्वाचे आहे. पॅनेल स्वस्त झाले, आणि शहाण्या लोकांनी विचार केला की ज्याचा एवढा त्रास ती बॅटरी हवीच कशाला? तार आहेच, दुपारचे उरलेले तारेत सोडावे, रात्री तारेतून घ्यावे. राज्य वीज नियामक आयोगाने २०१५ साली नेट मीटरिंगचे नियम केले. पेढीवरच्या खात्यासारखाच हा व्यवहार. दुपारी जमा, रात्री उचल, महिनाअखेरीस खतावणी, आणि मार्चअखेर शिल्लक उरलीच तर तिला आयोगाने ठरवलेला भाव. यात पेढीवाला आपली वीज तिजोरीत ठेवत नाही, हे मात्र विसरू नये. तो ती त्याच क्षणी शेजाऱ्याला विकतो आणि रात्री दुसरीकडून आणून आपली परतफेड करतो. साठवावा की पाठवावा, यात पुन्हा एकदा पाठवणे जिंकले. फेब्रुवारी २०२४ मध्ये केंद्र सरकारची पंतप्रधान सूर्यघर योजना आली: एक कोटी घरांचे उद्दिष्ट, एक किलोवॅटला ३०,००० रुपये, दोनला ६०,००० आणि तीन वा अधिकला ७८,००० रुपये अनुदान. हे अनुदान पॅनेलच्या किलोवॅटवर मोजले जाते. बॅटरीसाठी वेगळा रुपया नाही. त्याच वर्षी सातारा जिल्ह्यातली, पाटण तालुक्यातली मान्याचीवाडी राज्यातले पहिले सौरग्राम म्हणून जाहीर झाली. गावातली घरे, पथदिवे, पाणीपुरवठा सारे छपरावरच्या उन्हावर. ही गोष्ट आपल्या मुलखाला भूषणावह आहे.

आता जो प्रसंग घरोघरी घडतो तो सांगितला पाहिजे. वैशाखातली दुपार, लख्ख ऊन, छपरावर तीन किलोवॅटची पॅनेले, आणि गावाची लाईट जाते. घरातला पंखा थांबतो! पाहुणे वर बोट दाखवतात आणि यजमान ओशाळतो. यात बिघाड कसलाच नाही. तारेला जोडलेला सौर इन्व्हर्टर तार मेली की स्वतःही बंद व्हावा अशीच त्याची रचना सक्तीने केलेली असते, कारण तसे नसेल तर खांबावर चढलेल्या वायरमनच्या हातात आपल्या छपरावरची वीज उतरेल. नियम योग्यच आहे. पण त्याचा अर्थ असा की बॅटरीवाचून पॅनेल हे बिल कमी करण्याचे साधन आहे, उजेडाची हमी नव्हे. ही गोष्ट विकणाऱ्याने विकण्यापूर्वी सांगावी, एवढी अपेक्षा ठेवणे अतिरेकाचे होणार नाही.

पेढीच्या अटीही कायमच्या नसतात. सगळीकडे पॅनेले झाली की दुपारी वीज उतू जाते आणि सूर्य मावळताच, दिवे-पंखे-टीव्ही एकदम लागतात तेव्हा, तुटवडा पडतो. मग दुपारचे युनिट आणि संध्याकाळचे युनिट एका भावाने कोण मोजील? अमेरिकेतल्या कॅलिफोर्नियाने एप्रिल २०२३ पासून नव्या ग्राहकांच्या दुपारच्या जमेचा भाव सुमारे तीन चतुर्थांशांनी उतरवला. तेव्हापासून तिथे पॅनेलबरोबर बॅटरी घेण्याकडे ओढा वाढला. आपल्याकडेही केंद्राने जून २०२३ मध्ये नियम केला की उन्हाच्या तासांतली वीज दहा ते वीस टक्के स्वस्त आणि कमाल मागणीच्या तासांतली तितकीच महाग असावी. वारा कोणत्या दिशेने वाहतो आहे हे द्राक्षवाल्याला सांगावे लागू नये. सुगीत सगळ्यांचा माल एकदम आला की भाव पडतो, म्हणून तर बेदाणा करायचा आणि शीतगृहात ठेवायचा!

सुदैवाने विजोडपणाही कमी होत आहे. लिथियमची पुनःपुन्हा भरता येणारी बॅटरी १९९१ साली जपानच्या सोनी कंपनीने बाजारात आणली. तिच्या पायाभूत संशोधनासाठी गुडइनफ, व्हिटिंगहॅम आणि योशिनो या तिघांना २०१९ चे नोबेल मिळाले. घरासाठी जी विशेष सोयीची ठरली ती लोह-फॉस्फेटची जात. गुडइनफ यांच्या प्रयोगशाळेतून १९९७ साली तिचा जो निबंध प्रसिद्ध झाला त्यावर पाढी आणि नंजुंडस्वामी ही दोन भारतीय नावे आहेत, आणि ती आपल्याकडे जितकी ठाऊक असावीत तितकी नाहीत. ही बॅटरी हजारो वेळा भरता येते, पाणी मागत नाही, शंभरातले नव्वद परत देते. लिथियम बॅटऱ्यांची किंमत २०१० ते २०२४ या काळात जागतिक बाजारात सुमारे नऊ दशांशांनी उतरली. तरीही उकाडा तिलाही मानवत नाही, आणि शिशाच्या बॅटरीचे तर तापमान दहा अंशांनी वाढले की आयुष्य जवळजवळ अर्धे होते. पत्र्याखालच्या माळ्यावर बॅटरी ठेवणारा तासगावकर तिला स्वतःच्या हाताने म्हातारी करीत असतो. जुन्या बॅटरीचे काय करावे यासाठी २००१ साली आणि पुन्हा २०२२ साली नियम झाले; शिसे वितळवणारी भट्टी वस्तीत असणे म्हणजे मुलांच्या रक्तात विष घालणे होय, इतके ठाऊक असले म्हणजे भंगारवाल्याकडे बॅटरी टाकण्याआधी आपण थांबू.

मग बॅटरी केवढी घ्यावी? आपण जरा हिशेबच मांडू. संध्याकाळी सहा ते सकाळी सहा: चार एलईडी दिवे, दोन कमी विजेचे पंखे, तीन तास टीव्ही, रात्रभर फ्रिज, मोबाईल. बेरीज दीड ते दोन युनिटांवर फारशी जात नाही. पंखे जुने असले तर आणखी युनिटभर. तीन किलोवॅटची पॅनेले उन्हाच्या दिवशी सरासरी बारा युनिटे देतात. म्हणजे त्यातली दोन-तीन युनिटे रात्रीसाठी मुरवली तर मध्यम घर सुखाने झोपते. दहा युनिटांची बॅटरी घेऊन तिच्यावर पाच अश्वशक्तीची मोटर चालवण्याचा विचार करणारे गृहस्थ आहेत. ती मोटर तासाला जवळजवळ चार युनिटे खाते; अडीच तासांत कोठार रिकामे. एक हजार लिटर पाणी शंभर मीटर वर चढवायला कितीही आदर्श यंत्र वापरले तरी पाव युनिटाहून अधिक लागणारच, हे सृष्टीचे गणित आहे. पण मोटर रात्री चालवायचीच कशाला? दुपारी उन्हावर पाणी उपसून शेततळ्यात भरले की तेच शेततळे बॅटरी झाले, आणि त्याला शिसेही लागत नाही, लिथियमही नाही. राज्याची मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २०१७ पासून शेतीपंपाला दिवसा वीज देण्यासाठी निघाली आहे. तिचे तर्कशास्त्र हेच आहे. शीतगृहाचेही तसेच: दुपारी गारवा अधिक खाली नेऊन ठेवला तर जाड भिंती तो रात्रभर सांभाळतात. पाणी तळ्यात राखावे, गारवा भिंतीत राखावा, आणि ज्याला दुसरे कोठारच नाही तो दिवा-पंखा तेवढा बॅटरीत राखावा, असा आमचा स्पष्ट अभिप्राय आहे. सगळे एकाच कोठारात भरायला निघणारा कर्जात जातो.

बॅटरीकडून एक गोष्ट मात्र मागू नये. ती रात्रीची बेगमी करते, ऋतूची नाही. आषाढात आठ दिवस आभाळ गच्च राहिले तर तीन युनिटांची बॅटरी दुसऱ्या दिवशीच हात टेकते. तासगाव पर्जन्यछायेतले, म्हणून महाबळेश्वरपेक्षा ते सुखी. तरी झाकोळलेल्या दिवसांसाठी तार हवी आणि तारेच्या दुसऱ्या टोकाला कोयना हवी.

मान्याचीवाडी आणि कोयनेचे धरण एकाच पाटण तालुक्यातली. दिवसा वाडीची वीज तारेत उतरते. सांजावले की वाडी तारेतून वीज घेऊ लागते, आणि कमाल मागणीच्या त्या तासांसाठी राज्य जी केंद्रे राखून ठेवते त्यांत कोयना मुख्य. शिवसागराचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पावणेपाचशे मीटरच्या आसपास खाली पोफळीकडे पडते आणि वाशिष्ठीतून समुद्राला जाते. पूर्वेला ते परत येत नाही. कृष्णा पाणी तंटा लवादाने या पश्चिमेकडच्या वळणाला वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातलेली आहे. एवढ्या उंचीवरून एक युनिट वीज काढायला साधारण नऊशे लिटर पाणी सोडावे लागते. म्हणजे ज्या घराने दुपारची दोन युनिटे आपल्या बॅटरीत ठेवली, आणि ती रात्री एरवी कोयनेकडून आली असती, त्या घरामागे रोज पावणेदोन हजार लिटर पाणी शिवसागरात राहते. हेच पाणी पूर्वेला सोडले तर कराडजवळच्या संगमाशी कृष्णेला मिळते आणि टेंभू-ताकारीच्या पंपांनी चढून आपल्या द्राक्षबागांच्या बाजूला येते. ते केव्हा आणि किती सोडायचे, हे अर्थात पाटबंधारे खात्याच्या कचेरीत ठरते, आपल्या जिन्याखाली नाही.